विहीर, आड, बोअर, नळ : पाण्यातले जंतू गावातच कसे तपासत राहायचे (खानापूर, बेळगाव, निपाणी भागासाठी)

मे महिन्यात केलेला पाण्याचा चांगला रिपोर्ट जुलैत दाखवून काही उपयोग नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण आमच्याकडं बऱ्याच गावांत हेच चाललंय. पंचायतीच्या फाईलला एक कागद असतोय, त्यावर पाणी पिण्यायोग्य म्हणून लिहिलेलं असतं, आणि पावसाळ्यात अख्ख्या गल्लीला उलट्या-जुलाब लागले तरी तोच कागद पुढं करतात. कागद खोटा नसतो. त्या दिवशी त्या विहिरीचं पाणी खरंच चांगलं असणार. पण जंतूंच्या बाबतीत पाणी एका मोठ्या पावसात बदलतं, पाईप फुटली की तासाभरात बदलतं. क्षार, फ्लोराईड यांचं तसं नसतं, ते हळूहळू वरखाली होतात म्हणून वर्षातनं एकदा बघितलं तरी चालून जातं. जंतूंसाठी मात्र त्याच जागेचं पाणी परत परत बघावं लागतं आणि वहीत लिहून ठेवावं लागतं. याला मोठं मशीन लागत नाही, गावातली चार-पाच माणसं मनावर घेतली की होतंय.

आपल्या भागाची जमीन आधी लक्षात घ्या. खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि बेळगावच्या पश्चिमेकडं तांबडी माती, खाली जांभा दगड. जांभ्याला भोकं आणि चिरा असतात, पाणी त्यातनं भराभर खाली जातं, म्हणजे मातीतनं गाळून जायला जेवढा वेळ मिळायला पाहिजे तेवढा मिळतच नाही. त्यात पाऊस इतका की जुलैत आडाचं पाणी हाताला लागेल इतकं वर येतं, आणि शेजारच्या परड्यातल्या संडासच्या खड्ड्याच्या बुडापर्यंत पाण्याची पातळी पोचते. उन्हाळ्यात खड्डा आणि पाणी यांच्यात वीस-पंचवीस फूट कोरडी माती असेल तर पावसाळ्यात मधे काहीच उरत नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडं काळी माती, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसाचं पाणी वरची सगळी घाण घेऊन त्या भेगांतनं खाली उतरतं. निपाणीकडं वेदगंगा, दूधगंगा, पुढं कृष्णा, या नद्यांच्या काठाला पुराचा विषय वेगळाच, २०१९ आणि २०२१ ला किती विहिरी पाण्याखाली गेल्या ते तिकडच्या लोकांना सांगायला नको.

काय शोधायचं

पाण्यात कॉलरा, टायफॉईड, कावीळ असं प्रत्येक रोगाचं वेगळं शोधत बसणं गावात तर सोडाच, लॅबलाही रोजच्या कामात जमत नाही. म्हणून ई-कोलाय नावाचा एक जंतू शोधतात. तो माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात राहतो, तेव्हा तो पाण्यात सापडला याचा अर्थ विष्ठा पाण्यापर्यंत पोचलीय, आणि ज्या वाटेनं तो आला त्याच वाटेनं रोगाचे जंतू येऊ शकतात. आयएस १०५०० हे आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, त्यात १०० मिली पाण्यात ई-कोलाय एकही सापडायचा नाही असं आहे. थोडासा असला तर चालतो अशी सूटच नाही.

आणि एक, "आमच्या आडाचं पाणी काचेसारखं हाय, आज्ज्यापास्नं पितोय" हे प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नका, पण पाणी नितळ दिसतं म्हणून त्यात जंतू नाहीत असं होत नाही, वास आणि चवसुद्धा काही सांगत नाहीत. आज्ज्याच्या काळी शेजारच्या परड्यात संडासचा खड्डा नव्हता, हे समजावून सांगितलं की ती माणसं ऐकतात, माझा तसा अनुभव आहे.

बाटली उघडायच्या आधी विहिरीला एक फेरी मारा

याला पैसे लागत नाहीत आणि सगळ्यात जास्त माहिती यातनंच मिळते. वही घेऊन जा, शक्यतो पाऊस पडत असताना किंवा नुकताच थांबल्यावर जा, कारण पाणी कुठनं कुठं वाहतंय ते तेव्हाच दिसतं. कट्टा किती उंच आहे, त्याला चीर गेलीय का, कट्ट्याभोवती सिमेंटचा ओटा आहे का आणि त्याचा उतार विहिरीकडं आहे की बाहेर. धुणं, भांडी, जनावरं धुणं तिथंच होतंय का आणि ते पाणी गटारीला लागतंय की तिथंच मुरतंय. संडासचा खड्डा, गोठा, शेणाचा उकिरडा, सांडपाण्याची गटार, यातलं काय काय जवळ आहे ते पावलं मोजून लिहा. नुसतं अंतर नाही, ते चढाला आहे की उताराला तेही लिहा. दहा मीटरच्या आत संडास असला तर धोका धरूनच चाला, आणि जांभ्याच्या जागेत त्याच्या दुप्पट अंतर असलं तरी निर्धास्त राहू नका.

आत डोकावून बघा. बऱ्याच जुन्या विहिरींच्या आत एका बाजूनं दगडाच्या सांध्यातनं पाण्याची धार लागलेली असते, कट्ट्यापास्नं दोन-तीन फूट खाली, तिथं शेवाळ आणि काळपट ओघळ दिसतो. ते झऱ्याचं पाणी नाही, वरचं पाणी मुरून आत येतंय. तो ओघळ कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि बाहेर त्याच बाजूला काय आहे ते बघा, बहुतेक वेळा गटार तिथंच सापडते. मग पोहरा आणि दोर. पोहरा वापरून झाल्यावर खाली चिखलात ठेवतात का राटाला टांगून ठेवतात? प्रत्येक घराचा वेगळा पोहरा येतो का सगळ्यांना मिळून एकच? आता बऱ्याच ठिकाणी मोटर टाकलीय, तिथं पाईप आत जाते ती जागा उघडी आहे का, पाला, बेडूक, उंदीर पडतात का ते बघा.

नळ योजनेला हीच फेरी टाकीपासनं मारायची. टाकीचं झाकण आहे का, ओव्हरफ्लोच्या पाईपला जाळी आहे का, शेवटची कधी धुतली. व्हॉल्वचा खड्डा बघा, त्यात पाणी साचलेलं असेल तर पुरवठा बंद झाल्यावर तेच पाणी आत ओढलं जातं. गटारीतनं गेलेली पाईप दिसली की तिथं लाल पेननं खूण करा.

कुठलं पाणी घ्यायचं

एकाच जागेचं घेऊन चालत नाही. कमीत कमी चार जागा ठरवा : मूळ विहीर किंवा बोअर, टाकीतनं बाहेर पडणारं पाणी, लाईनच्या शेवटच्या घरातला नळ, आणि त्याच घरातली पिण्याची कळशी. या चारही जागा कायमच्या, दर वेळी बदलायच्या नाहीत. यामुळं घाण कुठं शिरतेय ते कळतं. विहिरीत नाही आणि शेवटच्या नळाला आहे, म्हणजे पाईप गळतेय. नळाला नाही आणि कळशीत आहे, म्हणजे घरात हात बुडतोय, मग त्या घरी ओगराळ्यानं पाणी काढायला किंवा कळशीला तोटी बसवायला सांगायचं. हे सांगताना बायकांना दोष देत बसू नका, तीन दिवसांतनं एकदा पाणी येत असेल तर घरात साठवणारच की.

थांबून थांबून येणाऱ्या नळाचं एक मुद्दाम सांगतो. आपल्या शेजारच्या हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाणी येणारे भाग आणि काही दिवसांनी येणारे भाग यांची तुलना झाली होती, २०१३ मध्ये तो अभ्यास छापून आला. चोवीस तासवाल्या नळांत शंभरात एखाद्याच नमुन्यात ई-कोलाय सापडला, थांबून येणाऱ्यात शंभरात तीसच्या वर. दोन्हीकडं पाणी त्याच शुद्धीकरण केंद्रातनं येत होतं. पाईप रिकामी झाली की दाब जातो आणि बाहेरचं पाणी भेगांतनं आत शिरतं, त्यात कोणी नळालाच मोटर जोडून ओढलं की अजूनच. म्हणून नळाचा नमुना घेताना पाणी सुटल्यावर किती मिनिटांनी घेतला ते लिहा, जमलं तर एक अगदी पहिल्या पाण्याचा आणि एक अर्ध्या तासानंतरचा घ्या. पहिलं पाणी धुण्याला वापरायचं, पिण्याला नाही, एवढी सवय लागली तरी पुष्कळ.

एचटूएसची (हायड्रोजन सल्फाईडची) बाटली

गावात करायची जंतूंची सोपी टेस्ट हीच. १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या आपल्याच शास्त्रज्ञांनी ही पद्धत मांडली आणि नंतर बाहेरच्या कितीतरी देशांनी घेतली. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना किट वापरायचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे, तेव्हा आधी पंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) विचारा की आपल्या गावच्या पाच जणी कोण आणि किट कुठं ठेवलंय. कपाटात सील न फोडलेलं किट पडून असतं आणि तारीख उलटून जाते, असं होऊ देऊ नका. बाटलीवरची एक्स्पायरी बघितल्याशिवाय वापरू नका.

करायचं असं. हात साबणानं धुवा. बाटलीचं झाकण उघडून हातातच धरायचं, खाली ठेवायचं नाही, आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण लावा, हळूच हलवा, वर जागेचं नाव, तारीख, वेळ लिहून चिकटवा, आणि उबदार अंधाऱ्या जागी ठेवून द्या. साधारण एक दिवसानं बघायचं, दोन दिवसांपर्यंत बघत राहायचं. पाणी काळं झालं म्हणजे विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. हे जंतू हायड्रोजन सल्फाईड वायू सोडतात, तो बाटलीतल्या लोहाबरोबर मिळून काळा पडतो. आधी तळाला किंवा कागदाच्या पट्टीच्या कडेला काळसर डाग दिसतो, मग तो पसरत पसरत अख्खी बाटली शाईसारखी होते.

उबदार म्हटलं ते नुसतं वाचून सोडू नका. जुलैत जांबोटीकडं घरात गारठा असतो, अशा थंडीत जंतू हळू वाढतात आणि चोवीस तासांनी बाटली स्वच्छ दिसते, मग लोक पाणी चांगलं म्हणून लिहून मोकळे होतात. २५ ते ३७ डिग्रीच्या मधे ऊब पाहिजे. चुलीच्या वरच्या फळीवर कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, पण डब्याला हात लावला तर चटका बसेल इतकं जवळ नको. आणि पावसाळ्यात पूर्ण ४८ तास थांबाच.

दर वेळी एक जादा बाटली उकळून गार केलेल्या पाण्याची ठेवा. ती काळी झाली तर तुमच्या हाताळण्यात चूक आहे नाहीतर बाटल्याच खराब आहेत, त्या दिवशीचे सगळे निकाल बाद. बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्याचा वास येत असेल तर तिथं जंतू नसतानाही बाटली काळी होऊ शकते, आणि ती तास-दोन तासांतच होते, अशा बोअरसाठी लॅबच गाठा. बाटली काळी नाही झाली म्हणून पाणी शंभर टक्के सुरक्षित असंही नाही, व्हायरस यात दिसत नाहीत. काविळीचे जंतू व्हायरसच असतात. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती पाण्यातनंच, आणि ती पंचगंगा पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळून आपल्याकडं येते, त्यामुळं कृष्णाकाठच्या गावांनी नुसत्या काळ्या बाटलीवर विसंबू नये, क्लोरीन रोज बघावं.

क्लोरीन रोज

बाटलीचा निकाल दोन दिवसांनी येतो, तोपर्यंत पाणी पिऊन झालेलं असतं. क्लोरीन दोन मिनिटांत कळतं. जिथं नळ योजना आहे तिथं हीच रोजची टेस्ट, आणि ती टाकीजवळ नाही तर शेवटच्या घरात करायची. छोट्या नळीत पाणी घेऊन किटवर सांगितलेले ऑर्थोटोलुडीनचे थेंब टाका, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, तो रंग लगेच पट्टीशी लावून बघा कारण थांबलात की गडद होत जातो. शेवटच्या नळाला लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी पाहिजे. दुसरी डीपीडीची गोळी येते, तिचा रंग गुलाबी होतो, मिळाली तर तीच घ्या, जास्त भरवशाची आहे. ऑर्थोटोलुडीन विषारी आहे, नळीतलं पाणी तोंडात जाऊ देऊ नका, पोरांच्या हातात देऊ नका.

काल ०.५ होतं आणि आज एकदम शून्य, हा सगळ्यात महत्त्वाचा इशारा. एकतर पावडर टाकली नाही नाहीतर कुठंतरी घाण शिरून क्लोरीन खाऊन टाकतेय. वॉटरमनला त्याच सकाळी फोन करा.

लॅबला पाठवताना

ग्रामीण पाणीपुरवठा खात्याच्या लॅबमध्ये साध्या माणसालाही नाममात्र फी भरून पाणी तपासून मिळतं. घरची बिस्लेरीची बाटली नेऊ नका, लॅबमधनंच निर्जंतुक बाटली आणा. त्यात थोडी पांढरी पावडर दिसेल, ती क्लोरीन मारायला टाकलेली असते, बाटली विसळून ती घालवू नका. पुष्कळ जण स्वच्छतेच्या सवयीनं नेमकं हेच करतात. नळाला लावलेला रबरी पाईप काढा, तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, लोखंडी किंवा पितळी नळ असेल तर पेटता बोळा फिरवा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्या आणि मग बारीक धारेनं भरा, वर इंचभर जागा ठेवा. हातपंप असेल तर पाच मिनिटं मारून मग. विहिरीत बाटलीला स्वच्छ दोर आणि वजन बांधून भिंतीला न लावता फूटभर खाली बुडवा. तुम्ही पोहऱ्यानं काढलेलं पाणी दिलंत तर तसं लिहा, कारण तो पोहऱ्याचाही निकाल असतो.

बर्फाच्या डब्यात घालून सहा तासांच्या आत पोचवा, फारच झालं तर चोवीस. कणकुंबीकडनं यायचं तर सकाळच्या पहिल्या बसच्या हिशोबानं पहाटे नमुना घ्या. आठवड्याच्या सुरुवातीला द्या, शनिवारी दिला तर रविवारी बघायला कोण नसतं, आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं.

रिपोर्ट कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत येतो. "कुडियलु योग्य" म्हणजे पिण्यायोग्य, "योग्यवल्ल" म्हणजे नाही. शेवटचा "अल्ल" नजरेतनं सुटला तर उलटा अर्थ होतो, म्हणून वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडनं वाचून घ्या. एमपीएनच्या (१०० मिली पाण्यातल्या जंतूंच्या अंदाजी आकड्याच्या) रकान्यात २ पेक्षा कमी अशी खूण असेल तर काही सापडलं नाही असं समजा. टोटल कोलिफॉर्म (ई-कोलायच्या जातकुळीतले सगळे जंतू, यातले काही मातीतही असतात) आहे पण ई-कोलाय नाही असं आलं तर घाबरायचं नाही, पण वरचं पाणी आत येतंय असं धरून पंधरा दिवसांत परत तपासा.

कधी कधी

सरकारी नियमानं जंतूंची टेस्ट वर्षातनं दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. आमच्या भागाला ते पुरत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत एक घ्या, वर्षातली सगळ्यात कामाची टेस्ट हीच, कारण उन्हाळाभर साठलेली घाण तेव्हाच उतरते. मग रोपलावणीच्या धबडग्यात जुलैमध्ये एक. गणपतीच्या आधी एक, पाहुणे, मुंबई-पुण्याची माणसं सगळी तेव्हाच येतात. मे महिन्यात तळाला गेलेल्या पाण्याची एक. पाईप फुटून दुरुस्त झाली, विहिरीला पूर येऊन गेला, गल्लीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब लागले, तर ठरलेल्या वेळेची वाट न बघता त्याच दिवशी. गावात लक्ष्मीची यात्रा असेल तर आठ दिवस आधी सगळे स्रोत बघून घ्या, आणि यात्रेत येणाऱ्या प्रत्येक टँकरचं क्लोरीन पाणी उतरवून घ्यायच्या आधी बघा, नसेल तर परत पाठवा.

वहीत तारीख, जागा, दोन दिवसांत पाऊस किती, क्लोरीन, बाटलीचा निकाल, आणि कोणी केलं त्याचं नाव. आशाताईंकडं जुलाब-काविळीच्या पेशंटची नोंद असते, ती महिन्यातनं एकदा शेजारी ठेवून वाचा. ग्रामसभेत तोंडी बोललेलं हवेत जातं, वहीचं पान झेरॉक्स करून अर्जाला जोडलं की पीडीओंना उत्तर द्यावं लागतं.

बाटली काळी आली तर

लगेच शेजारपाजाऱ्यांना सांगा, पाणी खळाखळा उकळी फुटून मिनिटभर उकळू द्या आणि गार करून प्या. दुसरी बाटली लावा, पण दुसऱ्या निकालाची वाट बघत उकळायचं थांबवू नका. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायचा हिशोब सोपा आहे : विहिरीचा व्यास फुटात, गुणिले तोच व्यास, गुणिले पाण्याची खोली फुटात, गुणिले २२, एवढे लिटर पाणी. १२ फूट व्यास आणि १० फूट पाणी म्हणजे साधारण ३२ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे इथं ८० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाऊण भरा, पाच-दहा मिनिटं थांबा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून वरखाली हलवा. खालचा चुन्याचा गाळ आत टाकू नका. तासभर कोणी पाणी काढायचं नाही, मग क्लोरीन बघा, ०.५ च्या आसपास पाहिजे. नसेल तर अजून टाका. पोतं उघडून ओल लागलेल्या पावडरीत जोर राहत नाही, नुसती पांढरी दिसते. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, गढुळात पावडर वाया जाते. पुरात बुडालेल्या विहिरीला हा डोस पुरत नाही, ती आधी पूर्ण उपसून, गाळ काढून, भिंती घासून मगच पावडर, आणि तिथं पंचायतीच्या इंजिनिअरला बोलवा.

पावडर टाकली की काम झालं असं नाही, चार दिवसांत तिचा असर जातो. फेरीत लिहिलेलं काढा, कट्ट्याची चीर बुजवा, ओटा घाला, गटार लांब वळवा, आणि त्यानंतर पाठोपाठच्या दोन टेस्ट चांगल्या येईपर्यंत उकळणं चालू ठेवा. काळ्या झालेल्या बाटल्या तशाच उकिरड्यावर फेकू नका, आत जंतूच जंतू असतात, प्रत्येकीत ब्लीचिंगचं दाट पाणी भरून तासभर ठेवा, मग संडासात ओता आणि बाटली पुरून टाका.